रिकामा रकाना

कोशाचं काम आम्ही तिघं करतो,
ओर्ता बंदराच्या वरच्या अंगाला,
जुन्या जकातघराच्या पोटमाळ्यावर.
खाली शिडाच्या नौका दुरुस्तीला येतात
आणि राळेचा वास थेट फ अक्षरापर्यंत चढतो.

यंदा माझ्या वाट्याला फ.
डॉक्टर बेलार्मीनू फुर्तादू.
जुन्या आवृत्तीत अडीच पानं,
थोर, देवमाणूस, गोरगरिबांचा कैवारी.
सुरुवात तिथूनच केली.
विशेषणं काढणं सोपं असतं,
सुरीच्या पाठीनं माशाचे खवले निघतात तसं;
बोटांना चिकटतात थोडी,
धुतली की जातात.

कठीण असतात ते आकडे.
"राखेच्या वर्षी एकोणीसशे रुग्ण फुकट तपासले."
कुठून आलं हे?
चौकातल्या शिळेवरून.
शिळेवर कुठून? वर्तमानपत्रातून.
वर्तमानपत्रात? एका भाषणातून.
भाषण जावयाचं,
आणि जावई म्हणाला होता,
कोशात छापलंच आहे की!
मी खुर्चीत मागे रेलून हसले.
साठ वर्षं कुत्रं आपल्याच शेपटीमागे फिरत होतं
आणि गाव त्याला मिरवणूक समजून
फुलं उधळत होतं.

नोंद बदलतेय हे फुटलंच. बेट केवढंसं.
देओलिंदा आली, काठी टेकत, दोन वळणांचा जिना चढून.
"होडीत जन्मले मी, पिकूच्या वाटेवर,
भर सामुद्रधुनीत, त्याच्या हातात. लिही."
कुठे लिहिलेलं आहे का, मी विचारलं.
"मी बसलेय ना समोर. आणखी काय हवं?"
खरंच, आणखी काय हवं असतं?
पण जिवंत बाई तळटीपेत मावत नाही.

दुसऱ्या दिवशी एव्हारिस्तु, पिंपं बनवणारा.
टोपी काढलीच नाही त्यानं.
"माझ्या बहिणीला दारातूनच परत पाठवलं. तेही लिही."
कागद त्याच्याकडेही नव्हता.
दोघांना एकच उत्तर दिलं, एकाच आवाजात,
आणि घरी जाताना
दोघांच्याही गल्ल्या टाळल्या.

मग वही सापडली.
औषधाच्या बंद दुकानात, फळीमागे,
पानांच्या कडांना राख अजून तशीच.
दोनशे बारा नावं. आजार. औषध.
आणि शेवटी फीचा रकाना,
एकशे चाळीस नावांपुढे रिकामा.

"फुकट!" जानुआरियू ओरडला. "मिळाला पुरावा!"
रिकामा, मी म्हटलं.
फुकट असेल. उधार असेल.
दौत वाळली असेल,
राखेनं डोळे चुरचुरत असतील त्याचे.
आपण पदरचं काही घालायचं नाही.
ध चा मा व्हायला एक अक्षर पुरतं,
आणि कोऱ्या जागेला तर तेवढंही लागत नाही,
बघणाऱ्याची इच्छा पुरते.

असं बोलत बोलत मी पान उलटलं.
पान एकतीस, ओळ सात.
माझ्या आईचं नाव.
वय चार. घटसर्प.
पुढे पांढरं.

खालून कुणीतरी दोर ओढत असल्याचा आवाज येत होता,
तो थांबेपर्यंत मी तशीच बसले.
मग फाइल उचलून जानुआरियूच्या टेबलावर ठेवली.
ही नोंद तू कर. माझा हितसंबंध आहे.
"कसला?"
मी जन्मले.

नोंद आता अकरा ओळींची आहे.
आठवी ओळ: "उपलब्ध वहीत एकशे चाळीस नावांपुढे
फीचा रकाना कोरा आहे."
जानुआरियूनं "मात्र" लिहिलं होतं आधी,
नंतर त्यानंच खोडलं.

देओलिंदाला वाचून दाखवली.
"कोरा म्हणजे?"
कोरा म्हणजे कोरा.
ती बराच वेळ समुद्राकडे बघत होती.
"मग त्यात मी आहे," म्हणाली
आणि जिना उतरली, आली त्यापेक्षा भरभर.

एव्हारिस्तुनं वही मागितली.
दोनशे बारा नावांवरून बोट फिरवलं,
पिंपाच्या फळीवरून फिरवतात तसं, फट शोधत.
बहिणीचं नाव नव्हतं.
"बघ," म्हणाला.

मी बघितलं.
तेही लिहिता आलं नाही.